वेणू पांडू घरत, एक वार!

नाना, पेटी जरा थांबवा. गजर झाला, मंडळींचा घसा मोकळा झाला, आता कान मोकळे करायचे. पुढं सरका, मागं जागा करा. आणि त्या खांबापाशी बसलेल्यांनी पान थुंकून यावं, मग ऐकावं!

हां. तर मंडळी, एक प्रश्न. लहानपणीचं कोडं आठवतंय का? असं काय आहे, जे आहे माझं, पण वापरतात दुसरेच? — बरोबर! नाव! तुमचं नाव तुम्ही दिवसातून कितीदा घेता? एकदाही नाही. घ्यायला लागलात तर घरचे डॉक्टरकडं नेतील! नाव दुसऱ्यानं घ्यायचं असतं. आता माझा प्रश्न पुढचा आहे. वापरणारं कुणी उरलंच नाही — तर ते नाव कुणाचं? आहे का उत्तर? नाही ना? मग ऐका. आपण 'नाम घ्या, नाम घ्या' म्हणून घसा फोडतो. देवाचं नाव घ्यायला कुणी चुकत नाही. देवाला काय कमी? सकाळपासून रात्रीपर्यंत हाका! मी आज दुसऱ्याच एका नावाचं आख्यान लावणार आहे.

तिकडं अलिबागेच्या खाली, खाडीच्या काठाला निगडवली नावाचं गाव. नारळी-सुपारीच्या वाड्या, वाडीत विहीर, विहिरीवर रहाट. मध्ये ग्रामदेवीचं कौलारू देऊळ. मार्गशीर्षात देवीचा उत्सव. पालखी निघते, गावभर फिरते, देवीपुढं जो तो आपल्या वाडीतलं काही ना काही आणून ठेवतो. नारळ, केळीचे लोंगर, सुपारीचे घोस, दुधी, कोहळे. आणि शेवटच्या दिवशी, पंगतीच्या आधी, सभामंडपात त्या सगळ्या वस्तूंचा होतो — काय होतो? मोठ्यानं! — लिलाव!

आता हा 'लिलाव' शब्द बघा. मराठी वाटतो की नाही? वाटतो! पण नाही हो. ही आपल्या घरची लेक नव्हे, ही सून! कुठून आली? जाणकार सांगतात, हिचा जन्म अरबांच्या घरचा. तिथं हिचं नाव 'अल्-इअलाम'. अर्थ काय? कळवणं. जाहीर करणं. चारचौघांत उभं राहून 'लोकहो, ऐका!' म्हणणं. बस! विकणं नाही, बोली नाही, पैसा नाही. नुसतं कळवणं! हे अरब पोर्तुगिजांच्या मुलखात काही शतकं नांदले. जाताना पोरीला तिथंच ठेवून गेले. पोर्तुगिजांनी काय केलं? सून घरात आली की आपण काय करतो? नाव बदललं! 'लेलाँव' म्हणाले. आणि कामाला जुंपली — ओरडून माल विकायच्या. मग गलबतात घालून आणली आपल्या किनाऱ्याला. आपण तरी सोडतोय? पुन्हा नाव बदललं — लिलाव!

हसता काय? एकटी नाही आली ती. त्याच गलबतातून चावी आली, पगार आला, परात आली. आणि हो, बटाटा आला! एकादशीला सोवळ्यात बसून साजूक तुपातली भाजी खाता ना? तो बटाटा! त्याला नाही कुणी विचारत, 'बाबा, तू कुठल्या गोत्राचा?'

पण मला सांगा, तीन घरं फिरलेल्या त्या पोरीला माहेरचं नाव आठवत असेल का? आज तिला मूळ नावानं कुणी हाक मारली, तर ती मान वळवेल का? हे मनात धरून ठेवा. आता आपण निगडवलीत जाऊ.

निगडवलीत एक बाई होती. वाडीत एकटीच राहायची. गाव तिला म्हणायचं 'आजी'. पोटी मूल नाही, नातू नाही एक, आणि अख्ख्या गावाची आजी! त्याआधी होती 'राऊत काकू'. त्याआधी 'वहिनी'. त्याच्याही आधी 'नवी सूनबाई'. आणि नवरा? नवरा काय म्हणायचा? 'अगं!' पुढं प्रगती झाली — 'अगं, ऐकलंस का!' पन्नास वर्षांचा संसार या दोन हाकांवर! हसताय तुम्ही, पण पुरुषमंडळी, तुमच्या घरी वेगळं आहे का?

लग्नात तिचं नाव ठेवलं जानकी. ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं अक्षरं काढली. ज-न-क, काना-वेलांटी बघून घेतली आणि झालं. पण नाव घेण्याची वेळ उखाण्यापुरती! जानकी नावानंही तिला कुणी हाक मारली नाही. ते नाव रेशनकार्डावर राहिलं. आणि त्याच्याआधी, खाडीपलीकडच्या माहेरी, ती होती वेणू. वेणू पांडू घरत.

आई विहिरीवर रहाटाशी उभी असायची आणि हाक मारायची — 'वेणूऽऽ! बैल हाक गं!' बाप माडावर चढलेला असायचा, वरून ओरडायचा — 'वेणू, बाजूला हो, नारळ टाकतोय!' भाऊ चिडवायचा — 'वेणी, वेणी, तुझ्या वेणीत गोगलगाय!' दिवसभर त्या नावाचा नुसता सुकाळ! मग लग्न झालं. होडीत बसली. जात्यावर ती पुढं एक ओवी म्हणायची, तिचीच होती ती —

माहेरीचं नाव माझं उंबऱ्यात सांडलं,
सासरीचं नाव बाई तांदळात मांडलं!

आई गेली. बाप गेला. भाऊ होता तोवर दिवाळीला यायचा, दारातूनच 'वेणे!' करायचा. तोही गेला. आणि मंडळी, त्या दिवशी काय झालं कळतंय का? भाऊ तर गेलाच. पण 'वेणू' म्हणणारं जगात शेवटचं तोंड गेलं! गावाला हे माहीतच नाही. गावाच्या लेखी आजी म्हणजे जन्मतःच आजी. मग नवरा गेला, तेव्हा 'अगं'सुद्धा गेलं.

त्या वर्षीच्या उत्सवात ती सभामंडपात खांबाला टेकून बसली होती. लिलाव पुकारायचा नथू गुरव. काय आवाज! पितळेची थाळी, तिच्यावर काठीचा ठोका, आणि आवाज थेट खाडीपर्यंत. गावाचा रिवाज असा, की जो बोली लावेल त्यानं नाव सांगायचं आणि नथूनं ते नाव पुकारायचं. आणि नाव स्वतःचंच पाहिजे असं नाही! नातवाच्या नावानं लावा, गेलेल्या वडिलांच्या नावानं लावा, मुंबईतल्या जावयाच्या नावानं लावा — म्हणजे जावई खूश! नथू पुकारणार. भरल्या मंडपात, देवीसमोर.

नथूनं कोहळा उचलला. केवढा! दोन हातांत मावेना. 'बोला! देवीचा कोहळा!' आणि काय झालं कुणास ठाऊक, आजीचा हात वर गेला. बोली लागली. नथूनं विचारलं, 'नाव?' आता तिनं काय सांगावं? नवऱ्याचं सांगावं, रीतच आहे. पण तोंडातून निघालं — 'वेणू पांडू घरत.' तिलाच आश्चर्य वाटलं! आणि नथूनं काठी मारली थाळीवर —

'वेणू पांडू घरत! एक वाऽऽर!'

किती वर्षांनी! मंडपाच्या वाशांतून ते नाव घुमलं, बाहेरच्या माडांपर्यंत गेलं. 'दोन वाऽऽर!' तिला आई दिसली रहाटाशी. 'तीन वाऽऽर!' — तिनं तोंडावर पदर घेतला. ओठांतल्या ओठांत म्हणाली, 'ओ.'

कोहळा उचलून घरी आली. आता एकट्या बाईनं एवढ्या कोहळ्याचं काय करावं? आणि आपल्यात कोहळा बाईनं आधी चिरायचा नाही, पहिला घाव पुरुषाचा. घरात पुरुष कुठाय? शिंक्यात टांगून ठेवला. कोहळा टिकतो हो वर्षभर! तिला कुठं तो खायचा होता?

मग दरवर्षी तेच. वर्षभर आजी, काकू, 'अहो राऊत आजी, जरा सरका.' आणि मार्गशीर्षात एकदा, थाळीच्या ठोक्यावर, वेणू! त्या एका हाकेवर ती पुढचं वर्ष ढकलायची. पावसाळ्यात एकटी ओटीवर बसली, समोर नुसतं पाणी नि चिखल, तरी मनात म्हणायची, येईल मार्गशीर्ष. गाव काय म्हणायचं? बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार! गाव म्हणायचं, 'वेणू म्हणजे आजीची बहीण असणार. वारली असेल बिचारी लहानपणी.' जित्या बाईला गावानं मेलेली करून टाकलं! आणि तिनं सांगितलंही नाही. काय सांगणार? 'मला माझं नाव ऐकायचंय' असं साठी-सत्तरी उलटलेल्या बाईनं कुणाला सांगावं? लाज वाटते हो! भाकरी मागायला लाज वाटते, त्याहून जास्त लाज याची वाटते.

आता गोष्टीत येतो दिगूशेठ. देवळाच्या कमिटीचा नवा अध्यक्ष. वाईट माणूस? छे! वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती, मी त्याला दोन शिव्या दिल्या असत्या आणि आपण आरतीला लागलो असतो. दिगूशेठ फार चांगला माणूस. त्याच्या मनात आलं, 'ही म्हातारी एकटी. हात आखडून जगते. आणि मेलेल्या बहिणीच्या नावानं दरसाल कोहळ्यावर पैसे घालते. आपल्याला शोभतं का?' कमिटी म्हणाली, 'नाही शोभत.' दिगूशेठ म्हणाला, 'यंदा कोहळा आजीला फुकट. घरी पोचता करायचा!' सगळ्यांनी माना हलवल्या. चांगल्या कामाला माना पटकन हलतात!

उत्सवाचा शेवटचा दिवस. आजी सकाळीच न्हाली. पेटीतलं चांगलं लुगडं काढलं. मंडपात आली, पुढंच बसली. हल्ली ऐकायला कमी यायचं, म्हणून पुढं! नथूनं थाळी वाजवली. नारळ गेले. सुपारी गेली. आजी वाट बघतेय. कोहळा येईना. शेवटी तिनंच विचारलं, 'नथू, कोहळा रे?'

दिगूशेठ उठला. माईक घेतला. 'आजी, कोहळा सकाळीच तुझ्या ओटीवर नेऊन ठेवलाय! यापुढं तू एक पैसा द्यायचा नाहीस. गावाची आजी आहेस तू!' मंडपात टाळ्या! तिनं हात जोडले. काय करणार? पण मनात म्हणाली, हरकत नाही, दुसरं काही घेऊ. नथूनं केळीचा लोंगर उचलला. आजीचा हात वर! दिगूशेठ म्हणाला, 'अरे, आजीला लोंगर आवडला! देऊन टाका!' लोंगर तिच्या मांडीशी. टाळ्या! तिनं नारळावर हात वर केला — नारळ मांडीत! 'आजी, तू नुसतं बोट दाखव!' देवीच्या खणावर हात केला — खण ओटीत!

मंडळी, 'आवळा देऊन कोहळा काढणं' ऐकलंय तुम्ही. निगडवलीनं काय केलं? कोहळा दिला, लोंगर दिला, नारळ दिले, आणि त्या बाईचं नाव काढून घेतलं! कुणाला पत्ताही नाही. तिनं चौथ्यांदा हात वर केला नाही. ओटी भरून वाहत होती आणि ती बाई त्या गर्दीत बसून मनात रडत होती. नथूनं थाळी खाली ठेवली, लिलाव संपला, गाव हसत-बोलत पंगतीला गेलं.

दुपार झाली. पंगती उठल्या. गाव घरोघर सुस्तावलं. देवळात चिटपाखरू नाही. नथू गुरव गाभाऱ्यामागच्या सावलीत उपरणं पसरून कलंडला होता. तेवढ्यात त्याला पावलं ऐकू आली. डोकावून बघतो — आजी! कडेवर मूल घ्यावं तसा कोहळा घेतलेला. घामानं डबडबलेली. वाडीपासून तो धोंडा वाहून आणला म्हातारीनं! तिनं तो जागेवर ठेवला, लिलावाच्या वस्तू ठेवतात त्या दगडी चौथऱ्यावर. इकडं तिकडं पाहिलं. आणि म्हणाली —

'वेणू पांडू घरत... एक वार.'

थांबली. पुन्हा म्हणाली. 'वेणू पांडू घरत... दोन वार.' आणि मग तिला पुढं म्हणवेना. सांगितलं ना मघाशी, नाव स्वतः घ्यायचं नसतं! घेतलं तरी ते लागत नाही. ती तिथंच, चौथऱ्याला टेकून मटकन बसली.

नथू पुढं आला. 'आजी? काय झालं? बहिणीची आठवण आली का गं?'

ती दचकली. मग दमल्यागत म्हणाली, 'कसली बहीण रे. मीच ती.'

'तू?'

'मी वेणू. लग्नाआधीची. आता कोणी नाही रे उरलं, तसं म्हणणारं. आजी म्हणून हाक येते, मी ओ देते. पण ती ओ माझी नसते, नथू. वर्षातून एकदा तू मला हाक मारायचास. तुला ठाऊक नव्हतं, तरी मारायचास. ह्या वर्षी तेवढीही नाही.'

नथू म्हणजे साधा माणूस. त्याला शब्दांची व्युत्पत्ती ठाऊक नाही, लिलाव हा शब्द अरबांचा की पोर्तुगिजांचा, त्याच्या गावीही नाही. पण त्यानं काय केलं? उपरणं झटकलं, खांद्यावर घेतलं. फेटा नीट केला. थाळी उचलली, काठी उचलली, रोजच्या जागेवर जाऊन उभा राहिला. समोर रिकामा मंडप. एक म्हातारी. एक कोहळा. आणि त्यानं भरल्या मंडपात मारावा तसा ठोका मारला!

'बोला! देवीचा कोहळा! बोली कुणाची?'

तिनं हळूच हात वर केला.

'नाव?'

'वेणू... वेणू पांडू घरत.'

'वेणू पांडू घरत, एक वाऽऽर! दोन वाऽऽर!' आणि तिसऱ्याला नथू थबकला. म्हणाला, 'थांब! देवी तुझ्यावर चढली बघ! देवीची बोली तुझ्याहून वर!' आजीला क्षणभर कळेना. मग कळलं. अशी हसली म्हणता! पुन्हा हात वर. 'वेणू पांडू घरत, एक वाऽऽर!' पुन्हा देवी चढली. पुन्हा वेणू चढली! दोघं इरेला पेटले. तो देवीला चढवतोय, ही हटत नाहीये, आणि दरवेळी थाळीचा ठोका, दरवेळी नाव! घसा बसला नथूचा. शेवटी देवी हरली. देवीनं हरायचंच असतं हो तिथं! 'वेणू पांडू घरत, तीन वाऽऽर!'

'ओ!' आजी म्हणाली. मोठ्यानं. पहिल्यांदा मोठ्यानं.

मंडळी, त्या दुपारी काय विकलं गेलं? काही नाही! कोहळा तिचाच होता, पैसा कुणी दिला नाही, कुणी घेतला नाही. चारचौघंही नव्हते. नुसतं एक नाव जाहीर झालं. कळवलं गेलं. आठवतंय का तुम्हाला, त्या शब्दाचं माहेर? अल्-इअलाम! तीन घरं फिरलेली, ओरडून ओरडून माल विकायला लावलेली ती पोर त्या दुपारी निगडवलीच्या देवळात घटकाभर माहेरी आली! आणि तिच्याबरोबर वेणूही आली.

संध्याकाळी नथू तो कोहळा खांद्यावर नि कोयता हातात घेऊन तिच्या घरी गेला. वर बघतो तर शिंक्यात गेल्या सालचा कोहळा, तसाच, न चिरलेला. त्यानं दोन्ही चिरून दिले. जाताना वाडीच्या बेड्याशी, फाटकाशी थांबला आणि म्हणाला, 'येतो गं, वेणूताई.' ती दारात उभी राहिली, तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत.

पुढं गोड शेवट करू? नाही करवत. खोटं होईल. त्या पावसाळ्यात ती गेली. गावानं सगळं नीट केलं. दिगूशेठनं खांदा दिला. सगळे म्हणाले, 'आजी गेली.' मार्गशीर्ष आला. देवीपुढं कोहळा आला. नथूनं तो चौथऱ्यावर ठेवला, थाळीवर ठोका मारला, आणि कुणी बोली लावायच्या आधीच पुकारलं —

'वेणू पांडू घरत! एक वाऽऽर!'

दिगूशेठ वाकून म्हणाला, 'नथू, आजी नाही आता. तिच्या बहिणीच्या नावानं कोण लावणार?'

नथू म्हणाला, 'बहीण नव्हती, शेठ. आजीच होती ती.'

आणि मग दोन वार झालं. तीन वार झालं. सगळं गाव कान देऊन बसलं होतं. ओ आली नाही.

दिगूशेठ तिथंच खाली बसला. म्हणाला, 'मी तिला सगळं दिलं रे.' कुणी त्याला दोष दिला नाही. दिलंच होतं त्यानं. फक्त तिला काय हवंय, हे विचारायचं राहिलं.

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न. वापरणारं कुणी उरलं नाही, तर नाव कुणाचं? आता मला विचारू नका. तुमच्या घरात डोकवा. रात्री झोपण्याआधी देवाचं नाव घेता, चांगलं आहे, घ्या. पण मला सांगा, ह्या मंडपात बसलेल्या मुलांनो, तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय? तुम्ही? नाही माहीत? आणि तुम्ही, पाटील, मान खाली का घातलीत? आजीचं? सुनेचं बदलून ठेवलंत, तिचं आधीचं? बघा, एवढा भरलेला मंडप, आणि एक नाव सापडेना! देवाची हजार नावं पाठ आहेत आपल्याला!

नाना, पेटी राहू द्या. गजर नंतर. त्या तिकडं, दाराशी, चपलांच्या शेजारी बसलेल्या आजी, हो, तुम्हीच. मघापासून पदरानं डोळे पुसताय. तुमचं आधीचं नाव काय हो? लाजू नका. काय? ऐकू नाही आलं. इथं चार पोरं पुढं बसलीत, त्यांनाही ऐकू दे.

ठकू? आणि वडिलांचं? ठकू महादू पाटील!

हसू नका रे! टाळ घ्या हातात. माझ्यामागं म्हणा, देवीला ऐकू जाईल असं म्हणा — ठकू महादू पाटील, एक वाऽऽर!

ऐकलंत? दाराकडून काय आलं, ऐकलंत? 'ओ!'